पडद्याआडचे झाड : मुक्त ब्राउझर, दृष्टिहीन वाचक आणि कंपन्यांचा हातभार

वेब-ब्राउझरचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या लढाईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नेटस्केप हरली, मायक्रोसॉफ्ट जिंकली, मग फायरफॉक्स आला आणि शेवटी क्रोमने सगळे मैदान व्यापले, असा तो क्रम असतो आणि त्यात जय-पराजयाचे माप वापरणाऱ्यांच्या संख्येने घेतले जाते. याच काळात या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या पगारावर असलेली मोजकी माणसे एकमेकांच्या कोडवर कोड रचत एक वेगळे काम करीत होती. पडद्यावरचे पान ज्याला दिसत नाही त्याला ते ऐकता यावे किंवा ब्रेल पट्टीवर चाचपता यावे, यासाठी ब्राउझरच्या पोटात जी रचना लागते ती त्यांनी उभी केली. या रचनेला तांत्रिक परिभाषेत ‘सुगम्यतेचे झाड’ म्हणतात. हे झाड कोणत्या कंपनीने, कोणत्या गरजेपोटी लावले, कोण मध्येच निघून गेले आणि त्याची सावली वैनगंगेकाठच्या आरमोरीसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत किती पोहोचली, याचा हा आढावा आहे.

आरमोरीचा उल्लेख येथे शोभेसाठी नाही. नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे, धानाच्या शेतीचे आणि कोशाच्या रेशमाचे हे गाव झाडीपट्टीत मोडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. अशा गावात सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षेचे निकाल ही सारी कामे हळूहळू कागदावरून ब्राउझरमध्ये गेली, आणि त्यामुळे ब्राउझर वाचता येणे हा येथील दृष्टिहीन माणसाच्या दृष्टीने चैनीचा विषय राहिला नाही. तरीही या माणसाला मिळालेली सोय त्याच्यासाठी म्हणून घडवलेली नव्हती. ती घडली बीजिंगच्या, ऑस्टिनच्या आणि ब्रिस्बेनच्या कार्यालयांत, आणि तिच्यामागे बहुतांशी अमेरिकी सरकारची खरेदी होती.

आधी या यंत्रणेचे काम समजून घेणे आवश्यक आहे. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या मदतीने, आणि ही प्रणाली पडद्यावरचा मजकूर कृत्रिम आवाजात बोलून दाखवते. १९९० च्या दशकात असे स्क्रीन रीडर चोरवाटेने चालत. संगणक पडद्यावर अक्षरे रंगवण्यासाठी ज्या आज्ञा देतो त्या वाटेत अडवून, कोणते अक्षर कोठे उमटले याची खासगी नोंद ते ठेवत आणि त्या नोंदीवरून पडद्याचा अंदाज बांधत. अक्षरे त्यांना कळत, पण एखादी चौकट बटण आहे की नुसते चित्र, हे कळत नसे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा करार पुढे आणला आणि चित्र पालटू लागले. या कराराप्रमाणे प्रत्येक प्रणालीने आपल्या पडद्यावरील वस्तूंची माहिती स्वतःहून द्यायची असते. ही वस्तू कोण आहे (दुवा, बटण, शीर्षक), तिचे नाव काय आणि तिची सध्याची स्थिती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवायची. ब्राउझर वेबपान उघडतो तेव्हा डोळ्यांसाठी तो एक चित्र रंगवतो आणि त्याच वेळी, कोणी विचारणारे असेल तर, याच वस्तूंची फांद्या-उपफांद्यांची एक वंशावळ बांधतो. तेच सुगम्यतेचे झाड.

नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा मूळ कोड जगासाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात असे झाड नव्हते. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०८ ला धार आली. केंद्र सरकारच्या खात्यांनी विकत घेतलेली संगणकीय सामग्री अपंग कर्मचाऱ्यांना व नागरिकांना वापरता आली पाहिजे, असे दुरुस्त कलम सांगत होते आणि २१ जून २००१ पासून ते अमलात आले. कायद्याने कोणत्याही कंपनीला दंड ठोठावला नव्हता. त्याने केवळ जगातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीची दोरी आवळली. पुढच्या दहा वर्षांत मुक्त ब्राउझरवर ज्या कंपन्यांनी खर्च केला त्यांची यादी आणि अमेरिकी सरकारला संगणक विकणाऱ्यांची यादी शेजारी ठेवली, तर दोन्हींत तीच तीच नावे येतात, आणि हे सांगताना त्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही.

नेटस्केपमध्ये हे काम आरन लेव्हेंथाल या अभियंत्याकडे आले. त्याने विंडोजवरच्या कराराशी मोझिलाला जोडण्याचा पाया घातला. लिनक्स आणि युनिक्सची बाजू सन मायक्रोसिस्टिम्सने उचलली. सनला आपल्या सोलारिस या प्रणालीसाठी ‘नोम’ नावाचा मुक्त डेस्कटॉप वापरायचा होता आणि तो सरकारला विकायचा तर कलम ५०८ आडवे येत होते, म्हणून सनने नोमसाठी मायक्रोसॉफ्टच्या कराराला समांतर असा सुगम्यतेचा स्वतंत्र संच उभारण्यात पुढाकार घेतला. मोझिला त्या संचाशी जोडण्याचे किचकट काम सनच्या बीजिंगमधील अभियंत्यांनी केले. २००४ मध्ये सनमधील मार्क मलकाही या दृष्टिहीन प्रोग्रॅमरने ‘ऑर्का’ या मुक्त स्क्रीन रीडरचा पहिला नमुना लिहिला, विली वॉकर यांच्या गटाने तो वाढवला आणि २००६ मध्ये तो नोमबरोबर मिळू लागला.

दरम्यान नेटस्केपची मालकीण असलेल्या एओएल कंपनीने जुलै २००३ मध्ये नेटस्केपचा गट मोडला आणि मोझिलाचा संसार नव्याने स्थापन झालेल्या एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आला. कोड मुक्त परवान्याखाली असल्याने तो कोणाच्या कपाटात कुलूपबंद झाला नाही, आणि लेव्हेंथाल आयबीएममध्ये जाऊन तेच काम पुढे करू शकला. कंपनी बदलली, खुर्ची बदलली, पण कोडच्या ज्या फाइलीत काल काम थांबले होते तीच आज उघडली, असे एरवी व्यापारी सॉफ्टवेअरच्या जगात घडत नाही.

आयबीएमचा वाटा या सगळ्या इतिहासात सर्वांत दूरगामी ठरला. २००० नंतर वेबपाने बदलू लागली होती. आधीचे पान म्हणजे छापील पानासारखा स्थिर मजकूर, त्यात काही दुवे आणि अर्जाच्या चौकटी, असे असे. आता जावास्क्रिप्टच्या बळावर पानातच उघडणारे मेनू, सरकत्या पट्ट्या, फांद्या उलगडणाऱ्या याद्या येऊ लागल्या. या वस्तू पान रचण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या शब्दसंग्रहात नव्हत्या. पान रचणारा एक बिनचेहऱ्याची चौकट घेई, तिला रंगरूप देऊन मेनूसारखी सजवी, आणि डोळस माणसाची तेवढ्यावर फसगत होई, म्हणजे काम होई. झाडात मात्र ती चौकट बिनचेहऱ्याचीच राहत असे आणि स्क्रीन रीडर तिच्यापाशी येऊन गप्प बसे. शिवाय अशा चौकटीपर्यंत माऊसशिवाय, म्हणजे नुसत्या कळफलकाने, जाताच येत नसे. आयबीएममधील रिच श्वेर्टफेगर, बेकी गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय साधा होता. चौकट जे सोंग घेते आहे त्याचे नाव तिच्यावर चिठ्ठी लावून लिहायचे. ‘मी मेनू आहे’, ‘मी उघडलेली फांदी आहे’, ‘माझ्यावर खूण केलेली आहे’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या पानाच्या कोडमध्ये घालायच्या आणि ब्राउझरने त्या वाचून झाडात तशी नोंद करायची. कळफलकाने कोणत्याही चौकटीपर्यंत पोहोचता यावे म्हणून एक जुना गुणधर्मही त्यांनी सैल केला.

चिठ्ठ्या लिहिणे सोपे, पण त्या वाचणारा ब्राउझर हवा. तेव्हाचा सर्वांत मोठा ब्राउझर मायक्रोसॉफ्टचा, आणि त्याच्या कोडला बाहेरच्या माणसाला हात लावता येत नव्हता. मोझिलाचा मुक्त असलेला फायरफॉक्स मात्र हाताशी होता. ऑगस्ट २००५ मध्ये आयबीएमने सुमारे ५०,००० ओळींचा कोड फायरफॉक्सला देऊ केल्याचे जाहीर केले आणि २९ नोव्हेंबर २००५ रोजी आलेल्या फायरफॉक्स १.५ मध्ये ही सोय चालू झाली. कल्पना कागदावर मांडून समितीसमोर ठेवण्याऐवजी आधी ती चालवून दाखवायची आणि मग तिचे प्रमाण करायचे, असा हा उलटा क्रम होता. पुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘आरिया’ या नावाने तिला प्रमाणाचे रूप दिले, आणि ते अंतिम शिफारस म्हणून २० मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध झाले. चालता कोड आणि अंतिम शिफारस यांत आठ वर्षांहून अधिक काळ गेला. प्रमाण ठरवणाऱ्या समित्यांचा वेग पाहता ही गती वाईट म्हणता येत नाही.

आयबीएमचे दुसरे दान एका राजकीय पेचातून आले. २००५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कागदपत्रांसाठी ओपन डॉक्युमेंट हे खुले स्वरूप स्वीकारायचे ठरवले, आणि त्याला अनपेक्षित विरोध झाला तो अपंगांच्या संघटनांकडून. त्यांचे म्हणणे रास्त होते. खुल्या स्वरूपाचे तत्त्व कितीही उदात्त असो, त्यांचे स्क्रीन रीडर मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसबरोबरच नीट चालत होते आणि नव्या व्यवस्थेत त्यांची नोकरी धोक्यात येणार होती. खुलेपणाचा कैवार घेणाऱ्या आयबीएमला हा आक्षेप झोंबला. मायक्रोसॉफ्टचा १९९७ चा करार लांब मजकूर, तक्ते आणि परिच्छेदातील बारकावे सांगायला अपुरा होता. त्याला पुरवणी म्हणून आयबीएमने ‘आयअ‍ॅक्सेसिबल२’ हा नवा करार तयार केला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या संस्थेच्या हवाली केला. या करारात एक छोटीशी तरतूद होती, मजकुराचा तुकडा कोणत्या भाषेत आहे हे सांगण्याची. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. मराठी वाचकाच्या दृष्टीने पुढे तीच कळीची ठरली.

ब्राउझर बोलका झाला तरी ऐकवणारा स्क्रीन रीडर विकतचाच होता. विंडोजवरील प्रमुख स्क्रीन रीडर ‘जॉज’ची किंमत हजार डॉलरांच्या घरात होती, आणि भारतात ती संस्थांनाही जड जात असे. २००६ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ नावाचा फुकट आणि मुक्त स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रॅमर लवकरच त्याला मिळाला. मोझिला प्रतिष्ठानाने त्यांना अनुदाने दिली, आणि त्यांमुळे या कामाला अधिक वेळ देता आला. मोझिलाकडे हा पैसा आला होता गूगलकडून. फायरफॉक्सच्या कोपऱ्यातील शोधचौकट गूगलकडे वळवल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यामुळे मोझिलाचे २००६ चे उत्पन्न सुमारे ६ कोटी ६८ लाख डॉलर झाले होते, आणि प्रतिष्ठानाचे तेव्हाचे कार्यकारी संचालक फ्रँक हेकर यांनी त्यातला काही भाग जाणीवपूर्वक सुगम्यतेच्या छोट्या छोट्या प्रकल्पांत पेरला. रकमा कंपन्यांच्या हिशेबात किरकोळ होत्या, पण एकट्याने काम करणाऱ्या माणसाला वर्षभराचा पगार म्हणून पुरणाऱ्या होत्या. त्या पेरणीतून जे पीक आले त्याच्या तुलनेत तो खर्च नगण्यच म्हणावा लागेल.

याच काळात या इतिहासाचा एक धागा पुण्याशी जुळतो. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्यात झाला आणि ते तेथेच वाढले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. घरची माणसे आणि वाचून दाखवणारे सोबती यांच्या आधाराने त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेतले आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. गणिताची गुंतागुंतीची सूत्रे नुसती ओळीने न वाचता त्यांची रचना आवाजाच्या चढउतारांतून कानाला कळावी, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ मध्ये त्यांनी ‘इमॅक्सपीक’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. स्क्रीन रीडर पडद्यावर काय उमटले ते मागाहून वाचतो. इमॅक्सपीकमध्ये प्रोग्रॅमलाच बोलायला शिकवले होते, त्यामुळे वेबपान उघडले की शीर्षक एका आवाजात, दुवा दुसऱ्या आवाजात ऐकू येई. वेबपानाला रंगरूप देणाऱ्या नियमांप्रमाणे ‘ध्वनिरूप’ देणारे नियमही असावेत, या विचाराच्या मांडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि रंगरूपाच्या त्या नियमांच्या १९९८ च्या ‘सीएसएस’ प्रमाणात त्याला जागा मिळाली.

रामन पुढे अडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गूगल येथे काम करीत राहिले. गूगलमध्ये त्यांना चार्ल्स चेन हा सहकारी मिळाला. चेनने टेक्सास विद्यापीठात विद्यार्थी असताना फायरफॉक्सला बोलके करणारी ‘फायर व्हॉक्स’ ही जोडणी लिहिली होती. या दोघांनी २००७ मध्ये गूगलच्या काही पानांवर आयबीएमच्या त्या चिठ्ठ्या बाहेरून चिकटवणारी एक युक्ती प्रसिद्ध केली. त्या क्षणाचे चित्र मोठे मजेचे आहे. पान गूगलचे, चिठ्ठ्यांची भाषा आयबीएमची, ती वाचणारा ब्राउझर मोझिलाचा आणि ती बोलून दाखवणारी जोडणी एका विद्यार्थ्याने फावल्या वेळात लिहिलेली.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा स्वतःचा ब्राउझर, क्रोम, आला तेव्हा मात्र स्क्रीन रीडरसमोर तो जवळजवळ मुका होता, आणि तो उणेपणा भरून काढायला काही वर्षे लागली. त्यातही उसनवारीच कामी आली. क्रोमचा तेव्हाचा गाभा म्हणजे अ‍ॅपलने मुक्त ठेवलेले ‘वेबकिट’ हे इंजिन. २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मॅकमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर घातला होता आणि त्यासाठी वेबकिटमध्ये झाड बांधण्याचा कोड लिहिला होता. तो क्रोमला आयता मिळाला. सप्टेंबर २००९ मध्ये अँड्रॉइड १.६ बरोबर ‘टॉकबॅक’ हा मुक्त स्क्रीन रीडर आला आणि त्यामागे रामन-चेन यांचे काम होते. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये वेबपानांचे वाचन इतके लंगडे होते, की काही काळ पानात बाहेरून स्क्रिप्ट घुसवून ते चालवावे लागे. तरी आरमोरीच्या बाजारात मिळणाऱ्या साध्यासुध्या अँड्रॉइड फोनमध्ये आज सेटिंगच्या एका पानाआड जो स्क्रीन रीडर झोपलेला असतो, त्याचे मूळ हे आहे. विकतच्या जॉजने जे अंतर ओलांडले नसते ते या फुकट प्रणालीने फोनच्या पेटीत बसून ओलांडले.

कंपन्यांच्या भरवशाची दुसरी बाजू २०१० मध्ये उघड झाली. जानेवारीत ओरॅकलने सन ताब्यात घेतली, आणि थोड्याच दिवसांत सुगम्यतेच्या गटातील माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात ऑर्काचे प्रमुख विली वॉकरही होते. लिनक्स वापरणारे दृष्टिहीन लोक एका रात्रीत पोरके झाले, असे त्या वेळी अनेकांना वाटले. ऑर्का बंद पडला नाही, कारण जोनमरी डिग्स या आधीपासून त्यावर काम करणाऱ्या बाईंनी तो उचलला, आणि पुढे स्पेनमधील इगालिया या सहकारी तत्त्वावरील कंपनीने त्यांच्या कामाला घर दिले. एका बलाढ्य कंपनीने सोडलेले ओझे कामगारांच्याच मालकीच्या एका छोट्या कंपनीने वाहावे, हा तपशील सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा सांगण्याची गरज नाही.

फायरफॉक्सवरही असा प्रसंग ओढवला, पण त्याचे कारण तांत्रिक होते. सुरक्षिततेसाठी आधुनिक ब्राउझर प्रत्येक पान एका स्वतंत्र, बंदिस्त खोलीत उघडतो आणि बाहेरच्या मुख्य प्रक्रियेशी त्याचे बोलणे खिडकीतून चालते. विंडोजवरचे स्क्रीन रीडर मात्र झाडाला क्षणात शेकडो प्रश्न विचारणारे आणि प्रत्येकाचे उत्तर जागच्या जागी मागणारे. आरमोरीच्या माणसाने गट नंबरची एकेक ओळ वाचायला दर वेळी गडचिरोलीला माणूस पाठवावा आणि तो परत येईपर्यंत थांबून राहावे, तशी ही गत झाली. २०१६ मध्ये फायरफॉक्सने ही बहुखोली रचना आणली तेव्हा स्क्रीन रीडर दिसला की ती बंद ठेवली जाई; नोव्हेंबर २०१७ मध्ये वेगाचा डंका वाजवत आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये ती सर्वांना लागू होताच दृष्टिहीन वापरकर्त्यांचा ब्राउझर इतका मंदावला, की काही काळ जुनी दीर्घ मुदतीची आवृत्तीच वापरा, असा सल्ला मोझिलाला द्यावा लागला. डोळस लोकांसाठी जी आवृत्ती वेगाची ठरली तीच दृष्टिहीनांसाठी संथपणाची ठरावी, हा विरोधाभास त्या काळच्या जाहिरातींत अर्थातच नव्हता.

उपाय क्रोममध्ये आधीच होता. प्रश्न विचारला की खोलीकडे धावण्याऐवजी सगळ्या झाडाची एक नक्कल मुख्य प्रक्रियेत तयार ठेवायची आणि बदल झाला की तेवढाच भाग दुरुस्त करायचा. गडचिरोलीला माणूस पाठवण्याऐवजी दप्तराची प्रत आरमोरीतच ठेवावी, तसे. एनव्हीडीएचा सहनिर्माता जेम्स टेह तोवर मोझिलात आला होता. त्याने व सहकाऱ्यांनी फायरफॉक्सचे सुगम्यतेचे यंत्र याच तत्त्वावर नव्याने बांधले, आणि मे २०२३ मध्ये फायरफॉक्स ११३ बरोबर ते सर्वांना मिळाले. आयबीएमने फायरफॉक्समध्ये सिद्ध केलेली कल्पना क्रोमने घेतली होती. आता क्रोमची मांडणी फायरफॉक्सने घेतली. लेव्हेंथाल यानेही नंतर गूगलच्या क्रोमवर काम केले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले इंजिन सोडून क्रोम ज्यावर उभा आहे तो ‘क्रोमियम’ हा मुक्त कोड स्वीकारल्यावर तिच्या अभियंत्यांनीही त्याच मुक्त कोडमध्ये सुगम्यतेची भर घातली. ज्या कंपनीच्या बंद ब्राउझरमुळे आयबीएमला फायरफॉक्सकडे वळावे लागले होते, तीच तेरा वर्षांनी मुक्त कोडच्या अंगणात आली.

हे झाले झाडाचे. झाडावर बोलणारा पक्षी मराठी आहे का, हा प्रश्न या कंपन्यांच्या गणितात बराच काळ नव्हता, कारण कलम ५०८ ला मराठीशी कर्तव्य नव्हते. देवनागरी अक्षरे ब्राउझरमध्ये नीट जुळावीत यासाठी मुक्त क्षेत्रात जे काम झाले त्यात रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयाचा वाटा मोठा आहे. तेथून जोपासल्या गेलेल्या ‘लोहित’ या मुक्त फाँटमालिकेने लिनक्सवरचे मराठी पान वाचनीय केले. पण डोळ्याला दिसणारे मराठी आणि झाडात नोंदले जाणारे मराठी एकच असेल असे नाही, आणि विदर्भात तर ते विशेष जाणवते, कारण येथील टंकलेखन आणि छपाई दीर्घकाळ कृतिदेव या फाँटवर चालली. कृतिदेवमध्ये अक्षराचे फक्त चित्र मराठी असते, त्याखाली इंग्रजीच अक्षर असते. ‘आरमोरी’ असे पडद्यावर दिसते, तेव्हा संगणकाच्या लेखी तेथे व्ही, के, जे, ई, के, एस, जे, एच अशी आठ इंग्रजी अक्षरे असतात. आयबीएम, सन, मोझिला आणि गूगल यांनी वीस वर्षे राबून बांधलेली सगळी यंत्रणा ही आठ अक्षरे इमानाने स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवते आणि स्क्रीन रीडर ती इमानाने वाचतो. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये टंकलेल्या पानाला ही अडचण येत नाही, पण जुन्या याद्या, परिपत्रके आणि पुस्तिका ज्या पीडीएफ रूपात साठल्या आहेत, त्यांतील कितीतरी कृतिदेव, श्री-लिपी किंवा तत्सम फाँटच्या, नाहीतर नुसती छायाचित्रे आहेत.

युनिकोड असले तरी पुढे भाषेची चिठ्ठी हवी. हे पान मराठी आहे, अशी दोन अक्षरी खूण पानाच्या माथ्यावर असेल तर ब्राउझर ती आयअ‍ॅक्सेसिबल२ च्या त्या दुर्लक्षित तरतुदीतून स्क्रीन रीडरला कळवतो आणि तो मराठी आवाजाकडे वळतो. खूण नसेल, किंवा साचा इंग्रजी पानावरून उचलल्यामुळे ‘इंग्रजी’ अशीच राहिली असेल, तर इंग्रजी आवाज देवनागरीसमोर अडखळतो आणि हिंदी आवाज मराठी मजकूर हिंदीच्या वळणाने वाचतो. त्यात ‘ळ’ची परवड होते. झाडीपट्टीच्या झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, म्हणून आरमोरीच्या श्रोत्याला ‘ळ’ गेल्याचे दुःख पुण्याच्या श्रोत्याइतके नसेल; पण हिंदी आवाज त्याला झाडीबोलीही ऐकवत नाही. मराठी आवाज असला तरी लिपी सर्व काही सांगत नाही. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि जगणे या क्रियापदाची आज्ञा ‘जग’ यांतला ‘ज’ वेगळा उच्चारला जातो, लिहिला मात्र सारखाच जातो. ‘दऱ्या’सारखा शब्द युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून आवाजाच्या कोशात दोन्हींची नोंद असावी लागते. ‘ईस्पीक एनजी’ या मुक्त वाचायंत्रात मराठी आहे, एनव्हीडीएबरोबर ते फुकट मिळते, फक्त त्याचा सूर यंत्राचा आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज पुष्कळच माणसांसारखे बोलतात, पण ते कंपनीच्या दूरच्या संगणकांवर राहतात आणि त्यांचा कोड मुक्त नाही. ब्राउझरचे झाड सामाईक झाले आणि आवाज खासगी राहिला, अशी ही वाटणी आहे.

भारतातील कायद्याने या बाजूला उशिरा वळण घेतले. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेला स्पष्ट स्थान आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगम्यता ही संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली. अमेरिकेत कलमाने खरेदीला हात घातला होता; भारतात हक्काचा उच्चार झाला, खरेदीची अट तितकी कडक झाली नाही, आणि म्हणूनच कदाचित येथे कोण्या कंपनीला मराठी किंवा गोंडी वाचेसाठी बीजिंगसारखा गट बसवण्याची निकड भासली नाही.

गोंडीची कथा याहून पुढची आहे. गडचिरोलीच्या दक्षिण आणि पूर्व भागात घरोघरी बोलली जाणारी ही भाषा मसराम गोंडी लिपीच्या रूपाने जून २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीच्या रूपाने त्यापुढील वर्षी युनिकोडमध्ये आली, आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने सीजीनेट स्वर या संस्थेबरोबर देवनागरीतील गोंडी मजकूर वाचणारी वाचा तयार करण्यावर काम केले. तिचा वापर एका मोबाइल अ‍ॅपमध्ये झाला. ब्राउझरमध्ये एखाद्या पानावर गोंडीची चिठ्ठी लावली तर फायरफॉक्स ती वाचतो, झाडात नोंदवतो आणि आयअ‍ॅक्सेसिबल२ मार्फत पुढे कळवतो. एनव्हीडीए त्या भाषेचा आवाज शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि आधी जो आवाज चालू होता त्याच आवाजात तो पुढे वाचू लागतो.